अप्पाला न सांगता चाकण गाठू का?

या वेळी एकच पत्र घेतलंय. मोठं होतं, काटछाट करून देतो.

"काका नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातला, संभाजीनगरला प्रायव्हेट कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे, दोन वर्षं झाली. फर्स्ट इयरचे दोन आणि सेकंड इयरचे तीन असे पाच विषय राहिलेत, थर्ड इयरला ॲडमिशन होत नाही, इयर डाऊन. एज्युकेशन लोन ३ लाख ६० हजारांचं मंजूर आहे, त्यातले १ लाख ८० हजार उचललेत, अप्पाची सही आहे. निम्मी फी ईबीसी स्कॉलरशिपमधून जाते. घरी साडेचार एकर कोरडवाहू, बहीण बारावीला. मित्र चाकणला ठेकेदाराकडं कंपनीत आहे, ओव्हरटाइम धरून १७ हजार हातात येतात म्हणतो, मलाही ये म्हणतो. अप्पाला काहीच माहीत नाही, त्यांना वाटतं मी थर्ड इयरला गेलो. कॉलेज सोडलं तर लोनचं काय होतं? कॉलेजवाले म्हणतात राहिलेल्या दोन वर्षांची फी भर मग ओरिजिनल ने. मेसवाल्या मावशीचे ३,२०० पण राहिलेत. काय करू ते स्पष्ट सांगा, 'खचू नको' असलं लिहू नका."

नाही लिहीत. मी खेड्यातल्या एका शाखेत कर्जाच्या टेबलावर बावीस वर्षं काढलीत, मला धीर देता येत नाही नीट, हिशोब तेवढा मांडता येतो. तर हिशोबच बघू.

लोनचं काय होतं? हप्ता चालू होतो, एवढंच. एज्युकेशन लोनमध्ये कोर्स चालू असेपर्यंत आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, त्या काळाला बँकेत मोरेटोरियम म्हणतात. ही सूट शिकतोय म्हणून असते. शिकणं थांबलं की बँक म्हणते आता भर. आणि हप्ता नव्हता म्हणजे व्याज नव्हतं असं नाही बरं का, ते पहिल्या दिवसापासून चढतंय. बऱ्याच पोरांना हे शेवटच्या वर्षी कळतं, तुझ्या पत्रात व्याजाचा शब्द पण नाही म्हणून सांगू लागलो.

दर १० टक्के धरू, खरा दर तुझ्या मंजुरीपत्रावर असंल, काढून बघ. पहिल्या वर्षी ९० हजार उचलले, त्याचं दोन वर्षांचं सरळव्याज १८ हजार. दुसऱ्या वर्षीचे ९० हजार, त्याचं एका वर्षाचं ९ हजार. म्हणजे आज तुझ्या नावावर १ लाख ८० नाही, २ लाख ७ हजार आहेत. पाच वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला साधारण ४,४०० चा हप्ता, सात वर्षं घेतलीस तर ३,४५० च्या आसपास, पण मग एकूण भरणा २ लाख ८९ हजारांवर जातो. त्यात अजून एक. घरचं उत्पन्न साडेचार लाखाच्या आत असल्यामुळं तुझ्या कर्जाला केंद्राची व्याज सवलत लागली असंल (सगळ्यांना लागत नाही, शाखेत विचार), तर मोरेटोरियममधलं व्याज सरकार भरतं. पण कोर्स अर्धवट सोडणाऱ्याला ती सवलत नाही. दवाखान्याचं कारण असलं आणि कागद असले तरच. म्हणजे जे २७ हजार सरकारनं भरले असते ते आता तुझ्या अंगावर.

इथपर्यंत तरी ठीक आहे म्हणशील, साडेतीन हजार काय चाकणला निघतील. निघतील की. पण मला भीती हप्त्याची नाही. तू जे गुपचूप जायचं ठरवू लागलास ना, त्याची आहे.

एक प्रसंग सांगतो. मे महिना, पीककर्जाचं नवं-जुनं करायला रांग लागलेली. एक जण आले, साठीच्या पुढचे, पासबुक आणि सातबारा कॅरीबॅगमध्ये गुंडाळून त्याला रबर लावलेलं. पैसे आडतीकडून उचलून आणलेले, सकाळी भरायचे आणि आठ दिवसांत परत काढायचे, सगळं गाव असंच करतं. मी खातं उघडलं तर त्यांच्या नावाखाली अजून एक कर्ज दिसलं, थकलेलं, लाल. पोराचं शिक्षण कर्ज, हे सहकर्जदार. म्हटलं, याचे हप्ते कामून भरले नाहीत? ते म्हणाले, साहेब त्याला अजून टाइम आहे, पोरगा तिसऱ्या वर्षाला आहे. मी म्हटलं, कॉलेजचं पत्र आहे इथं, त्यानं दीड वर्षापूर्वी नाव काढलं. त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं म्हणून मी परत सांगितलं. मग त्यांनी कॅरीबॅगला रबर लावलं, परत काढलं, परत लावलं, आणि एवढंच म्हणाले, मी तर दर महिन्याला चार हजार मेसचे टाकू लागलो. मागं रांगेतली माणसं ऐकत होती. त्या दिवशी मॅनेजरनं त्यांचं नवं-जुनं केलं नाही.

लोन तुझ्या एकट्याचं नाही. ४ लाखाच्या आत आहे म्हणून जमीन तारण नाही घेतली, पण अप्पाची सही सहकर्जदार म्हणून आहे, म्हणजे बँकेच्या लेखी ते पण तितकेच कर्जदार. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए म्हणजे थकबाकीत जातं, सिबिल (कर्ज कसं फेडलं त्याचा रेकॉर्ड) दोघांचं खराब होतं, आणि ती नोंद कमीत कमी सात वर्षं राहते. सरकार दर खरिपाला बँकांना दम भरतं की पीककर्जाला सिबिल लावू नका म्हणून, बरोबरच आहे ते, पण त्याच शाखेत त्याच माणसाच्या नावावर दुसरं कर्ज थकलेलं असलं तर मॅनेजर काय तोंड करतो ते मी बघितलंय. आता आपल्याकडं ३ लाखापर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर व्याज लागत नाही, शून्य. ते बंद पडलं तर पेरणीला अप्पा जाणार कुठं? सावकाराकडं. शेकडा तीननं. लाखाला महिन्याचे ३ हजार, वर्षाचे ३६. तुझ्या लोनच्या व्याजापेक्षा हे जास्त, आणि हे तुझ्या कुठल्याच हिशोबात नव्हतं. बहिणीला पुढच्या वर्षी लोन लागलं तर त्यालाही अप्पाचीच सही लागणार, हे पण धर.

आणि कुणी सांगंल की राहू दे, माफी होते. नाही होत. २०१७ ची कर्जमाफी आणि २०१९ ची कर्जमुक्ती या दोन्ही शेतीच्या कर्जाच्या होत्या, शिक्षण कर्जाला त्यात एक रुपया नव्हता. लोकअदालतीत तडजोड होते कधी कधी, पण तिथं जाईपर्यंत नाव खराब झालेलं असतं आणि तडजोड केली म्हणून सिबिलवर तसा शिक्का राहतो.

आता चाकण. १७ हजार हातात. कॉट बेसिसवर रूम २,८०० ते ३,०००, मेस ३,२००, जाणं-येणं मोबाइल साबण चप्पल असं सगळं २ हजार, म्हणजे ८ हजार गेले. राहिले ९. त्यातून हप्ता ३,४५०. साडेपाच हजार उरतात, घरी पाठवशील तीन. चांगलंय, वाईट नाही, मी नाक मुरडत नाही. पण मित्राला हे विचार की ओव्हरटाइम नसलेल्या महिन्यात किती येतात, आणि ठेकेदार सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतो का. देतोच. ब्रेकच्या महिन्यात पगार नाही पण हप्ता आहे, रूमभाडं आहे. अशा ब्रेकमध्ये तीन हप्ते चुकले की ते ९० दिवस आले बघ. तर चाकणला जायचंच असलं तर आधी तीन हप्त्यांइतके पैसे, दहा-अकरा हजार, खात्यात बाजूला टाकायचे, मगच बाकीचं.

उलट बाजू पण सांगतो नाहीतर म्हणशील काका डिग्रीवाल्यांच्या पार्टीतले. कोर्स पूर्ण करणं स्वस्त नाही. हे डाऊनचं वर्ष, पुढची दोन, वर एक वर्ष सूट, तेवढ्या काळात अजून १ लाख ८० उचलशील आणि व्याज चढत राहील, मी आकडेमोड केली तर हप्ता चालू होईल तेव्हा ५ लाख ४ हजार होतात. सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला ८,३०० च्या पुढं. इंजिनिअर होऊन पुण्यात वीस हजारावर लागलेली पोरं मी बघितलीत, त्यांना ८,३०० म्हणजे गळ्यापर्यंत येतं. तेव्हा 'दोन वर्षं गेलीच आहेत तर अजून काढ' हे मी म्हणणार नाही, गेलेले पैसे गेले, त्यांच्यासाठी अजून पैसे घालायचे नसतात. प्रश्न एकच आहे, हे पाच विषय तुझ्याच्यानं निघतात का. त्याचं उत्तर तुला माहीत असंल किंवा नसंल, पण मला वाटतं तू ते नीट बघितलेलंच नाहीस, लाजेनं पळू लागलास.

म्हणून माझं म्हणणं असं. हे वर्ष सोडू नको, वापर. इयर डाऊनला बहुतेक कॉलेजात वर्गात बसायचं नसतं, वर्षाची फी नसते, राहिलेल्या विषयांचा एक्झाम फॉर्म भरायचा आणि परीक्षा द्यायची. तुझ्या कॉलेजात काय आहे ते ऑफिसात विचार, लेखी घे. नाव पटावर राहतं. स्कॉलरशिप या वर्षाची मिळणार नाही, नापास वर्षाला देत नाहीत, पण फीच नसली तर तिचं फार दुखणार नाही. आणि बँकेत जायचं, स्वतः, मार्कमेमो घेऊन, आणि अर्ज द्यायचा की कोर्स लांबला, मुदत वाढवा. शिक्षण कर्जाच्या योजनेत ही तरतूद आहे, ठरलेल्या वेळेत कोर्स नाही झाला तर दोन वर्षांपर्यंत वाढ देता येते. पण ती मागावी लागते, आपोआप होत नाही. नव्वद टक्के पोरं बँकेचं तोंडच बघत नाहीत (हा आकडा माझ्या टेबलावरचा, कुठं छापू नका).

काम कर की, कोण नको म्हणतंय. पण चाकणला बारा तासाची शिफ्ट करून एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) सुटत नाही. वाळूज आहे, चिकलठाणा आहे, शहरातच मोबाइलचं दुकान, नेट कॅफे, अर्धा दिवसाचं काहीतरी धर. आठ-नऊ हजार आले तरी त्यातले महिन्याला १,५०० बँकेत व्याजाचे भरायचे. १ लाख ८० वर १० टक्क्यानं महिन्याचं व्याज तेवढंच होतं, म्हणजे तुझं कर्ज या वर्षात एक रुपयानं वाढत नाही. शिकताना व्याज भरत राहिलं तर बँका दरात एक टक्का सूट पण देतात, आधीपासून भरलं असतं तर बरं झालं असतं, विचारून बघ आता काय करतात. वर सांगितलेले ५ लाख ४ हजार आहेत ना, त्यात १ लाख ४४ हजार नुसतं व्याज आहे. ते असं महिन्याच्या महिन्याला मोडत नेलं आणि आतापर्यंत चढलेले २७ हजार पण भरून टाकले तर शेवटी ३ लाख ६० च राहतात आणि सात वर्षांचा हप्ता ८,३०० वरून ६ हजारावर येतो. नंतर उचल वाढली की महिन्याचं व्याज पण वाढणार, ३ हजारापर्यंत, ते धरून चाल.

हिवाळी परीक्षेत पाचातले तीन निघाले तर पुढं जा. एक किंवा शून्य निघाला तर उन्हाळ्याची वाट बघू नको, सोड. दोन निघाले तर मला परत लिही, तेव्हा बघू.

सोडायचं ठरलं तर कागदावर सोडायचं. प्राचार्यांच्या नावे अर्ज, तारीख, आवकचा शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ. कॉलेजवाले दोन वर्षांची फी मागू लागलेत ते चूक आहे, जे शिकवलंच नाही त्याची फी कसली. आणि ओरिजिनल कागद तर कॉलेजला ठेवून घेताच येत नाहीत, यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ लाच तसं काढलंय, बघून तपासून परत द्यायचे. हे तोंडी भांडू नको, क्लार्क तुला बाहेर उभं करंल, अर्जात लिही आणि नाही दिले तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाक. उलट ॲडमिशनच्या वेळी भरलेलं डिपॉझिट तुझं परत येतं, ते माग, पोरं विसरतात. फक्त एक बघ, तुझ्या नावाची स्कॉलरशिप कॉलेजला पूर्ण आलीय का, एखादा हप्ता अडकलेला असला तर ते तेवढी फी तुझ्याकडं मागतील आणि ती मागणी खोटी नसंल. टीसी, मार्कमेमो, बारावीचा मेमो, डोमिसाइल सगळं हातात आलं की बँकेत जाऊन सांग की सोडलं, आणि हप्ता लावून घे. नोटीस येण्याआधी स्वतः गेलेल्या माणसाला मॅनेजर मुदत लांब करून देतो, हप्ता खाली आणतो. नोटीस आल्यावर गेलेल्याला तोच मॅनेजर बसायला पण सांगत नाही.

आणि तेव्हा एक डिग्री मात्र धर, कुठली का होईना. हे मी ज्ञानासाठी नाही सांगत. आपल्याकडचा प्रत्येक पोरगा कधी ना कधी फॉर्म भरतोच. पोलीस शिपायाला बारावी चालते, पण पीएसआय, तलाठी, बँकेचा क्लार्क, राज्यसेवा, सगळीकडं पदवीधर लिहिलेलं असतं. कुठल्याही शाखेचा चालतो पण पदवीधर पाहिजे. इंजिनिअरिंग अर्धवट म्हणजे त्या फॉर्मसाठी तू बारावीच. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं केंद्र तालुक्याच्या कॉलेजात सुद्धा असतं, फी वर्षाला काही हजारात, नोकरी करत करत बीए बीकॉम होतं आणि ती डिग्री या सगळ्या फॉर्मला चालते. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षावर सर्टिफिकेट, दोन वर्षांवर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे हे तू ऐकलं असशील, पण त्याला त्या वर्षांचे क्रेडिट पूर्ण लागतात, पाच विषय राहिलेल्याला ते मिळत नाही. तुझ्या कॉलेजात लागू असंल तर पास झालेल्या विषयांचे क्रेडिट ॲकॅडेमिक बँकेत (क्रेडिट साठवायचं ऑनलाइन खातं) जमा झालेत का ते बघून ठेव, सात वर्षं चालतात ते.

राहिले अप्पा. हे तूच सांगायचं, बँकेनं नाही, मित्रानं नाही, बहिणीकडून तर अजिबात नाही. फोनवर सांगू नको. गावी जा, सोयाबीन मोंढ्यात नेणार असतील तर सोबत जा, कट्टे उचल, येताना सांग. मार्कमेमो खिशात ठेव आणि दाखव, कारण तू नुसतं 'राहिले विषय' म्हटलास तर ते एक-दोन समजतील. बोलतील. चार दिवस बोलणार पण नाहीत कदाचित. मग दोघं मिळून बँकेत जा, बाजाराच्या दिवशी नको, त्या दिवशी टेबलावर कुणाला मान वर करायला वेळ नसतो. अकराच्या सुमारास जा, मंजुरीपत्र, मेमो, आणि व्याजाचे पहिले १,५०० सोबत ठेव. पैसे भरून मग अर्ज दे, आधी नको.

मेसवाल्या मावशीचे ३,२०० तू एकदम देऊ शकत नसशील तर तिला तसं सांग, दर महिन्याला ८०० टाक, चार महिन्यांत फिटतात. पहिले ८०० आजच फोन-पे कर, नंबर असंलच तुझ्याकडं.